नाथमहाराजांचे पितृऋण

फाल्गुन वद्य षष्ठी म्हणजे नाथषष्ठी. शके १५२१ मध्ये याच तिथीस श्रीएकनाथमहाराजांनी पैठणक्षेत्री गोदावरीत देह ठेवला. सद्गुरू जनार्दनस्वामींची पुण्यतिथीही परंपरेने हीच मानली जाते.

बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपलेल्या नाथांचा सांभाळ आजोबा चक्रपाणी यांनी केला. विजयनगरास गेलेली श्रीविठ्ठलमूर्ती पंढरीस परत आणणारे म्हणून वारकरी ज्यांना वंदितात, ते भानुदासमहाराज त्यांचे पणजोबा. वाडवडिलांच्या पुण्याईवर सुखाने जगता यावे असे हे कुळ. पण नाथांनी त्या पुण्याईस ऋण मानले.

माउलींनी शके १२१२ मध्ये सांगितलेली ज्ञानेश्वरी तोवर जवळजवळ तीन शतके हातांनी उतरविली जात होती आणि तिचे पाठ बिघडले होते. माउलींच्या कंठास अजानवृक्षाची मुळी लागल्याचा दृष्टान्त होऊन नाथ आळंदीस गेले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. पुढचे काम मात्र निव्वळ चिकाटीचे होते. निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहून त्यांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. शके १४९५ मध्येच काशीत भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण करणारा हा कवी. दोन ओव्या घालणे त्यांना काय कठीण होते!

श्राद्धाचा प्रसंग याहून बिकट. स्वयंपाकाचा सुवास वाटेने जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या गेलेल्या भुकेल्या माणसांना आला. नाथांनी व गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांना तृप्त होईतो वाढले. पुन्हा पाक सिद्ध केला, तरी निमंत्रित ब्रह्मवृंद येईना. तेव्हा प्रत्यक्ष पितरच पानावर येऊन बसले, असे संतचरित्रे सांगतात.

ज्यांनी वडिलांचे इतके मानले, त्यांच्याच घरी पुढची पिढी रुसली. पुत्र हरिपंडित मोठे शास्त्री. पित्याने प्राकृतात पुराण सांगावे व परान्न घ्यावे, हे न रुचून ते काशीस निघून गेले. नाथांनी तेथे जाऊन, दोन्ही गोष्टी सोडण्याचे मान्य करून, त्यांना परत आणले. हरिपंडित पुराण सांगू लागले. श्रोते विरळ होत गेले. पुढे एका वृद्धेने सहस्रभोजनाचा संकल्प एकट्या नाथांना जेवू घालून फेडावयाचे ठरविले. पुत्राच्या संमतीने नाथ जेवले. उष्टे पान उचलावयास हरिपंडित वाकले, तो एकाखाली एक अशी सहस्र पाने निघाली. हरिपंडित पित्यास शरण गेले आणि नाथांचे प्राकृत पुराण पुन्हा सुरू झाले.