महाभारताच्या पोथ्यांची वंशावळ लावणारे डॉ. सुकथनकर

श्रीव्यासांनी सांगितले व श्रीगजाननांनी लिहून घेतले, अशा श्रद्धेने ज्या महाभारताचे श्रवण आपल्याकडे होते, त्या ग्रंथाची शेकडो वर्षे हाताने नक्कल होत आली. नकलणाऱ्याच्या हातून कोठे अक्षर गळे, कोठे समासातील टीप श्लोकांत मिसळे, कोठे एखादी लोकप्रिय कथा नव्याने दाखल होई. परिणामी प्रांतोप्रांतीच्या पोथ्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या. त्यांतून प्राचीन पाठ शोधून काढण्यासाठी डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी आपले उत्तरायुष्य वेचले.

त्यांचा जन्म ४ मे १८८७ रोजी झाला. केंब्रिज येथे गणिताचे अध्ययन करून ते बर्लिनला गेले व प्रा. ल्यूडर्स यांच्या हाताखाली शाकटायनाच्या व्याकरणावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. मायदेशी परतल्यावर काही काळ ते पुरातत्त्व खात्यात होते. गणिताची ती शिस्त त्यांना पुढे फार उपयोगी पडली असावी.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य हाती घेतले होते. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले होते. अशा दात्यावाचून हे कार्य उभेच राहिले नसते. १९२५ च्या ऑगस्टमध्ये डॉ. सुकथनकर प्रमुख संपादक झाले.

एकट्या आदिपर्वाच्या सुमारे २३५ पोथ्यांचा विचार झाला. त्यांत देवनागरी १०७, बंगाली ३२, ग्रंथ लिपीतील ३१, तेलुगू २८, मल्याळम २६, शिवाय नेपाळी, शारदा आदी लिपींतील थोड्या होत्या. निवडक साठ पोथ्या अक्षरशः ताडून पाहिल्या गेल्या. प्रत्येक श्लोकासाठी चौकटी आखलेला स्वतंत्र कागद असे. वर एक पाठ अक्षर-अक्षर सुटे करून लिहीत आणि इतर पोथ्यांतील भेद त्या त्या अक्षराखाली नोंदवीत.

दोन पोथ्यांत एकच चूक सापडली, तर त्या बहुधा एकाच जुन्या पोथीच्या लेकी, हे या शास्त्राचे मूळ सूत्र होय. या रीतीने डॉ. सुकथनकरांनी उत्तरेची व दक्षिणेची अशी दोन घराणी आणि त्यांच्या शाखा दाखविणारा वंशवृक्ष मांडला. काश्मीर व केरळ ही भारताची दोन टोके. तेथील पोथ्यांचा परस्परांशी संबंध येण्याचा संभव कमी, म्हणून ज्या पाठावर त्या दोन्ही एकमत होतात, तो पाठ प्राचीन ठरतो. मात्र लेखनिक अनेकदा दोन-तीन पोथ्या समोर ठेवून लिहीत, त्यामुळे शाखांची सरमिसळ झाली होती. पाश्चात्त्य विद्वानांची रीत येथे जशीच्या तशी चालणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपली संहिता म्हणजे व्यासांचे मूळ शब्द, असा दावाही त्यांनी कधी केला नाही. उपलब्ध पोथ्यांवरून जेवढे मागे जाता येते तेवढे जाणे, इतकेच त्यांचे उद्दिष्ट होते.

श्रीगणेशांनी लेखनिकाचे काम पत्करल्याची कथा अनेक शाखांच्या पोथ्यांत नसल्यामुळे त्यांना मुख्य संहितेबाहेर ठेवावी लागली. भाविक मनास हे प्रथम खटकते, यात शंका नाही. परंतु ती कथा त्यांनी टाकून दिली नाही. परिशिष्टात ती समग्र छापली व कोणत्या पोथ्यांत आहे तेही नोंदविले. इतर वगळलेल्या श्लोकांचीही अशीच काळजी घेतली गेली.

आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. त्यानंतर नेपाळचे राजगुरू पं. हेमराज यांच्याकडील एक अतिप्राचीन पोथी उजेडात आली. तिने त्यांच्या अनेक निर्णयांना पुष्टी दिली. १९४२ मध्ये आरण्यकपर्वही त्यांच्याच संपादनाखाली पुरे झाले. पुढील जानेवारीत मुंबई विद्यापीठाच्या वतीने महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने ठरली होती. तीन झाली आणि चौथे देण्यापूर्वीच २१ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले.

उरलेली पर्वे डॉ. बेलवलकर, डॉ. प. ल. वैद्य आदी विद्वानांनी सिद्धीस नेली व २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कार्यपूर्तीचा समारंभ झाला.