रिचर्ड डेडेकिंड

पाच आणि तीन यांची बेरीज केली काय किंवा तीन आणि पाच यांची केली काय, उत्तर एकच येते. गुणाकाराचेही तसेच. पूर्णांक व अपूर्णांक यांच्या बाबतीत असल्या नियमांची खातरी करून घेणे फारसे अवघड नाही. परंतु दोनाचे वर्गमूळ आणि तिनाचे वर्गमूळ यांचा गुणाकार सहाच्या वर्गमूळाइतका होतो, हे कशावरून? शाळाशाळांतून ते शिकविले जात होते, विद्यार्थी ते पाठ करीत होते आणि उत्तरेही बरोबर येत होती. तरीही आपण जे शिकवितो त्याला आधार काय, हा प्रश्न एका तरुण अध्यापकाच्या मनाला सतत डाचत राहिला. ते अध्यापक म्हणजे जर्मन गणिती रिचर्ड डेडेकिंड.

त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८३१ रोजी ब्राउनश्वाइग या नगरात झाला. थोर गणिती गाउस हेही याच नगरचे. डेडेकिंड यांचे वडील तेथील महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि चार भावंडांत रिचर्ड सर्वांत धाकटे होते. बालपणी त्यांचा ओढा पदार्थविज्ञान व रसायन या विषयांकडे होता. परंतु त्यांतील युक्तिवाद त्यांना पुरेसे काटेकोर वाटेनात, म्हणून ते गणिताकडे वळले. १८५० मध्ये ते गॉटिंगेनच्या विद्यापीठात दाखल झाले आणि दोनच वर्षांनी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी गाउस यांच्या हाताखाली डॉक्टरची पदवी मिळविली. गाउस यांचे ते अखेरचे विद्यार्थी ठरले.

एवढी मोठी पदवी मिळाल्यावर दुसरा एखादा संतुष्ट झाला असता. डेडेकिंड यांना मात्र आपले ज्ञान अपुरे आहे असेच वाटले. १८५५ मध्ये गाउस निवर्तले व त्यांच्या जागी डिरिक्ले आले. त्या वेळी डेडेकिंड स्वतः त्याच विद्यापीठात शिकवीत होते. तरी ते डिरिक्ले यांच्या वर्गात विद्यार्थ्यांबरोबर जाऊन बसत. आपले समवयस्क मित्र रीमान यांची व्याख्यानेही ते तितक्याच आदराने ऐकत.

१८५८ मध्ये झुरिच येथील तंत्रशिक्षणसंस्थेत त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे कलनशास्त्राची मूलतत्त्वे शिकविताना त्यांची अडचण झाली. सतत वाढत जाणारी, पण एका मर्यादेपलीकडे न जाणारी राशी कोणत्या तरी निश्चित संख्येच्या हवी तितकी जवळ जाते, हे सांगण्यासाठी त्यांना फळ्यावरच्या रेषेचा आधार घ्यावा लागे. रेषा अखंड दिसते, हे खरे. पण डोळ्यांना दिसणे म्हणजे सिद्धता नव्हे. समाधानकारक उत्तर सापडेपर्यंत याच प्रश्नाचे चिंतन करावयाचे, असा त्यांनी निश्चय केला, आणि २४ नोव्हेंबर १८५८ या दिवशी ते उत्तर त्यांना गवसले.

त्यांची कल्पना अगदी साधी होती. सर्व परिमेय संख्यांचे दोन गट पाडावयाचे; डावीकडील प्रत्येक संख्या उजवीकडील प्रत्येक संख्येहून लहान असावी. ज्या धन संख्यांचा वर्ग दोनापेक्षा मोठा, त्या उजवीकडे. बाकीच्या साऱ्या डावीकडे. आता १.४, १.४१, १.४१४ या संख्या डावीकडे येतात आणि १.५, १.४२, १.४१५ या उजवीकडे. डावीकडे कितीही पुढे सरकले तरी शेवटची संख्या सापडत नाही. उजवीकडे पहिली सापडत नाही. सीमेवर कोणताही अपूर्णांक नाही. जागा आहे, पण तिचा धनी नाही! प्राचीन ग्रीकांनाही ही उणीव जाणवली होती. डेडेकिंड यांनी या विभागणीलाच छेद असे नाव दिले (अपूर्णांकाच्या छेदाशी याचा संबंध नाही) आणि असा प्रत्येक रिकामा छेद एक नवी, अपरिमेय संख्या निश्चित करतो, असे मानले. मग दोन छेदांची बेरीज व गुणाकार म्हणजे काय हे परिमेय संख्यांवरूनच ठरविता आले, आणि वास्तव संख्यांचे सर्व नियम, वर्गमूळांच्या गुणाकारासुद्धा, प्रथमच पक्क्या पायावर उभे राहिले.

एवढा मोठा शोध लागूनही तो प्रसिद्ध करण्याची त्यांनी घाई केली नाही. १८६२ मध्ये ते ब्राउनश्वाइगला परतले आणि तेथील तंत्रशिक्षणसंस्थेत १८९४ पर्यंत अध्यापन करीत राहिले. इतर विद्वान याच प्रश्नावर लेख प्रसिद्ध करू लागले, तेव्हा कोठे १८७२ मध्ये, म्हणजे चौदा वर्षांनी, त्यांनी आपले छोटेसे पुस्तक छापले आणि वडिलांच्या सेवेला पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या निमित्ताने ते त्यांनाच अर्पण केले. दरम्यान डिरिक्ले यांची व्याख्याने संपादून प्रसिद्ध करण्यात मात्र त्यांनी पुष्कळ वेळ खर्च केला होता.

ते अविवाहित होते व बहीण यूलिया हिच्यासमवेत राहत. संगीताची त्यांना मोठी आवड होती. स्वभावाने ते विनोदीही असावेत. गणितज्ञांच्या एका पंचांगात ते ४ सप्टेंबर १८९९ रोजी मरण पावल्याची नोंद छापली गेली. ती वाचून त्यांनी संपादकांना कळविले की, दिवस कदाचित खरा ठरेल, पण साल निश्चित चुकले आहे. कारण त्या दिवशी आपण पूर्ण प्रकृतिस्वास्थ्यात होतो आणि मित्र कँटर यांच्याबरोबर भोजन व गणितचर्चा करण्यात तो दिवस गेला. त्यानंतर ते सोळा वर्षांहून अधिक काळ जगले. १२ फेब्रुवारी १९१६ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आपल्या जन्मगावीच त्यांचे देहावसान झाले.