केईएमचे पहिले डीन पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण त्यांचं सगळ्यात मोठं काम परळच्या वॉर्डात झालं

शहापूर तालुक्यात भातसा नदीच्या काठी सापगाव आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या या पट्ट्यात एक वाक्य घरोघरी ऐकू येतं. पेशंट सिरीयस झाला, शहापुरात जमलं नाही, ठाण्यातही हात टेकले, की कोणीतरी म्हणतंच, केईएमला घेऊन चला.

मग आसनगाव स्टेशन, कसारा लाइनची लोकल, दादर आणि तिथून परळ. हातात फाइल, पिशवीत डबा. केईएमच्या वॉर्डात पोहोचलं की पहिल्यांदा भेटतो तो विशीतला, डोळ्यांवर झोप असलेला एक डॉक्टर. तो नाडी बघतो, प्रश्न विचारतो, केस पेपर लिहितो. त्याच्या वर सीनियर रेसिडेंट, त्याच्या वर लेक्चरर, त्यांच्या वर प्रोफेसर आणि सगळ्यांच्या वर डीन. सकाळी ही सगळी मंडळी राउंडला येते आणि खाटेशेजारी उभं राहून केसवर बोलते. पेशंटचे उपचार आणि ज्युनियर डॉक्टरचं शिक्षण अशी दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

ही सगळी उतरंड भारतीय माणसांची असते, यात आज कोणाला काही विशेष वाटत नाही. पण १०० वर्षांपूर्वीच्या मुंबईत ही गोष्ट विशेष होती. आणि ती घडवण्यात एका माणसाचा मोठा वाटा होता. त्यांचं नाव डॉ. जीवराज नारायण मेहता.

टॉपर, पण प्रोफेसर होणं अवघड

जीवराज मेहतांचा जन्म २९ ऑगस्ट १८८७ चा. गाव अमरेली, जे तेव्हा बडोदा संस्थानात होतं. घरची परिस्थिती बेताची. डॉक्टर व्हायचं डोक्यात होतं, म्हणून ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. शिक्षणाला कपोळ समाजाच्या ट्रस्टने मदत केली.

तेव्हा आजचं एमबीबीएस नव्हतं, एल.एम. अँड एस. ही पदवी होती. शेवटच्या वर्षाला आठ बक्षिसं असायची. त्यातली सात जीवराजनी घेतली आणि आठवं हॉस्टेलमधल्या मित्रासोबत वाटून घेतलं.

आता असा विद्यार्थी पुढे त्याच कॉलेजात प्रोफेसर व्हायला हवा, बरोबर? इथेच खरी अडचण होती.

ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं जे. जे. हॉस्पिटल ही दोन्ही १८४५ पासूनची सरकारी संस्था. तिथल्या प्रोफेसरच्या खुर्च्या मुख्यतः इंडियन मेडिकल सर्व्हिस, म्हणजे आयएमएसच्या अधिकाऱ्यांकडे असायच्या. ही सेवा मुळात लष्करासाठी उभी राहिलेली. तिची परीक्षा लंडनमध्ये व्हायची. कायद्याने ती भारतीयांनाही खुली होती, पण तिथे जाऊन ती देणं किती जणांना परवडणार? त्यामुळे वरच्या जागांवर बहुतेक इंग्रज आणि त्यांच्या हाताखाली राबायला भारतीय डॉक्टर, असं चित्र होतं.

हा प्रश्न फक्त पगाराचा किंवा मानाचा नव्हता. वॉर्ड ज्याच्या ताब्यात असतो, तोच ठरवतो की कोणती केस कोणी बघायची, ऑपरेशनला कोणी हात लावायचा आणि परीक्षेत कोणाला पास करायचं. वैद्यकशास्त्र पुस्तकातून अर्धंच शिकता येतं, उरलेलं अर्धं पेशंटच्या खाटेशेजारी शिकावं लागतं. ती खाट हातात नसेल तर पुढची पिढी घडवणंही हातात राहत नाही.

लंडन, सुवर्णपदक आणि एक हट्टी पेशंट

१९०९ मध्ये जीवराज टाटांच्या शिक्षण निधीच्या मदतीने लंडनला गेले आणि १९१५ पर्यंत तिथे राहिले. १९१४ मध्ये त्यांनी एम.डी. केलं, तेही विद्यापीठाच्या सुवर्णपदकासह. त्यानंतर एम.आर.सी.पी. झाले. लंडनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या संघटनेचे ते अध्यक्षही होते.

याच काळात त्यांच्याकडे एक पेशंट आला. नुकताच दक्षिण आफ्रिकेतून आलेला, फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आलेली, आणि खाण्याच्या बाबतीत कमालीचा हट्टी. फळं आणि शेंगदाण्यांवर राहायचं, दूध घ्यायचं नाही, असा त्याचा नियम. पेशंटचं नाव मोहनदास करमचंद गांधी.

२७ वर्षांच्या डॉक्टरने दूध आणि धान्य सुरू करा म्हणून गांधींना बराच आग्रह केला. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा लंडनमध्येच होते. डॉक्टरांचं ऐका, असं त्यांनीही सांगून पाहिलं. गांधींनी रात्रभर विचार केला आणि दुधाला नकार कायम ठेवला. गांधींनी हा प्रसंग आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलाय. डॉक्टर आणि पेशंटचं हे नातं मात्र पुढे अनेक वर्षं टिकलं.

भारतात परतल्यावर जीवराज यांनी मुंबईत प्रॅक्टिस केली आणि नंतर बडोदा संस्थानाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी झाले. १९२४ मध्ये त्यांनी हंसा मेहता यांच्याशी लग्न केलं. हंसाबेन बडोद्याच्या दिवाणांची मुलगी. हे लग्न आंतरजातीय होतं आणि त्यावर त्या काळात बराच गदारोळ झाला. याच हंसा मेहता पुढे संविधान सभेच्या सदस्य झाल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमात पुरुष असा अर्थ निघणारा शब्द होता. तो काढून सर्व माणसं असा अर्थ आणण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं.

एक देणगी आणि तिची अट

इकडे मुंबईत वेगळ्याच हालचाली सुरू होत्या. भारतीय डॉक्टर आपल्या हक्कांसाठी १८८३ पासून बॉम्बे मेडिकल युनियनच्या माध्यमातून एकत्र आले होते. १९२१ मध्ये, असहकार चळवळीच्या दिवसांत, भायखळ्याला नॅशनल मेडिकल कॉलेज सुरू झालं. आजच्या नायर हॉस्पिटलच्या कॉलेजची ती सुरुवात.

दुसरीकडे महापालिका परळमध्ये मोठं हॉस्पिटल उभारत होती. राजा सातव्या एडवर्डच्या स्मरणार्थ त्याचं नाव ठरलं किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजेच केईएम. इमारत आखली जॉर्ज विटेट यांनी, गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच. जागाही मोक्याची होती, चारी बाजूंनी गिरण्या आणि कामगारांच्या चाळी.

या हॉस्पिटलला जोडून मेडिकल कॉलेज काढण्यासाठी शेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या इस्टेटीतून लाखो रुपयांची देणगी पुढे आली. सोबत एक अट होती. कॉलेजात शिकवणारे सगळे जण पात्र भारतीयच असले पाहिजेत, आणि ते सरकारी नोकरीत असता कामा नयेत.

या एका अटीने आयएमएसचं दारच बंद झालं. हॉस्पिटल महापालिकेचं, शिक्षक भारतीय आणि पदवी मुंबई विद्यापीठाची. असं काहीतरी मुंबईत पहिल्यांदाच होत होतं.

१९२५ मध्ये शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि २२ जानेवारी १९२६ ला केईएम हॉस्पिटलचं उद्घाटन झालं. पहिले डीन म्हणून निवड झाली डॉ. जीवराज मेहतांची. वय होतं ३८.

डीन नेमकं काय करतो?

केईएममध्ये डीन हा कॉलेजचाही प्रमुख आणि हॉस्पिटलचाही. आजही तीच पद्धत आहे. म्हणजे विद्यार्थ्यांचं वेळापत्रक, वॉर्डातल्या खाटा, शिक्षकांच्या नेमणुका आणि महापालिकेकडून मिळवायचा पैसा, हे सगळं एकाच टेबलावर येतं.

शिकवणारे बहुतेक सीनियर डॉक्टर ऑनररी होते. त्यांचं पोट शहरातल्या खासगी प्रॅक्टिसवर चालायचं आणि हॉस्पिटलात ते मानद म्हणून येऊन पेशंट बघायचे, शिकवायचे. ते निघून गेले की दिवसरात्र वॉर्ड सांभाळायचे ते हाउसमन आणि रजिस्ट्रार, म्हणजे आजच्या रेसिडेंट डॉक्टरांचे पूर्वज.

रेसिडेंट म्हणजे हॉस्पिटलातच राहणारा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १८८९ पासून विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉलस्टेड या डॉक्टरांनी ही पद्धत बसवली. पदवी झाली तरी डॉक्टर पूर्ण झाला असं समजायचं नाही, त्याने काही वर्षं वॉर्डातच राहायचं आणि सीनियरच्या नजरेखाली हळूहळू जबाबदारी घ्यायची. ब्रिटनमध्ये यालाच मिळतीजुळती हाउस फिजिशियन आणि हाउस सर्जनची पद्धत होती आणि आपल्याकडे ती आली. आजची तीन वर्षांची रेसिडेन्सी हे त्याचं खूप नंतरचं रूप.

या पद्धतीचा कणा एकच आहे. ज्युनियर चुकत असेल तर त्याला थांबवणारा सीनियर शेजारी असला पाहिजे, आणि तो सीनियर कधीतरी स्वतः त्याच ज्युनियरच्या जागी उभा राहिलेला असला पाहिजे. आयएमएसच्या काळात भारतीय डॉक्टरला ही शिडी बहुतेक वेळा अर्ध्यावरच संपलेली दिसायची. केईएममध्ये ती पहिल्यांदा टोकापर्यंत मोकळी झाली. आज खाटेशेजारी केस सांगणारा मुलगा उद्या युनिटचा हेड होऊ शकत होता.

जीवराज मेहता १९४२ पर्यंत डीन होते. म्हणजे पहिल्या बॅचपासून पुढच्या साधारण १७ वर्षांचे डॉक्टर त्यांच्या कारकिर्दीत तयार झाले. या काळात ते इंडियन मेडिकल असोसिएशनचे अध्यक्षही झाले. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले.

दिवाण, अर्थमंत्री, मुख्यमंत्री

यापुढचं आयुष्य एखाद्याला पुरून उरेल इतकं भरगच्च आहे. स्वातंत्र्यानंतर ते देशाच्या आरोग्य सेवेचे महासंचालक झाले. १९४८ मध्ये बडोद्याचे दिवाण. नंतर मुंबई राज्यात मंत्री. यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं त्यांच्याकडे होतं. ठाणे जिल्हा त्याच राज्यात होता, त्यामुळे शहापूर-मुरबाडच्या विकासाच्या पैशाचा हिशेबही तेव्हा या जुन्या डीनच्याच टेबलावरून जायचा.

१ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले. महाराष्ट्रात यशवंतराव मुख्यमंत्री झाले आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले डॉ. जीवराज मेहता. १९६३ मध्ये पक्षातल्या कुरबुरींमुळे त्यांना पद सोडावं लागलं. मग ते ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले. ज्या लंडनमध्ये विद्यार्थी म्हणून राहिले, तिथेच देशाचे प्रतिनिधी म्हणून परतले. १९७१ मध्ये अमरेलीतून लोकसभेवर निवडून आले. ७ नोव्हेंबर १९७८ ला, ९१ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मागे काय उरलं?

केईएमच्या डॉक्टरांनी पुढे काय केलं, त्याची ही तीनच उदाहरणं. इथल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या वनस्पतीचा ब्लडप्रेशरवर होणारा परिणाम १९४९ मध्ये जगापुढे मांडला. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. पी. के. सेन यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. पेशंट काही तासच जगला, पण जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. आणि ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या टीममुळे इथेच टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला.

त्याहून मोठा वारसा मात्र मध्य रेल्वेच्या नकाशावर दिसतो. महापालिकेचं हॉस्पिटल आणि त्याला जोडून मेडिकल कॉलेज, हा केईएमचा साचा पुढे इतरांनीही उचलला. १९४६ मध्ये नायर महापालिकेकडे आलं. १९६४ मध्ये सायनला कॉलेज सुरू झालं. १९९२ मध्ये ठाणे महापालिकेने कळव्याला कॉलेज काढलं. आसनगावहून लोकलने निघालं की वाटेत कळवा लागतं, मग सायन, मग परळ. तिन्ही ठिकाणी रात्री दोन वाजता जागा असलेला रेसिडेंट भेटतो आणि त्याच्या पाठीशी शिकवणारा सीनियर असतो.

आता हिशेबाची दुसरी बाजूही बघायला हवी. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. पुढे भातसा झालं आणि आज मुंबईचं जवळपास निम्मं पाणी तिथून येतं. केईएम ज्या शहरात आहे, त्या शहराची तहान हा तालुका भागवतो. तरीही सापगावच्या पेशंटला शिकवणारं हॉस्पिटल गाठायला अनेकदा परळपर्यंत यावंच लागतं.

जीवराज मेहतांच्या पिढीने शिकवणारा वॉर्ड भारतीयांच्या हातात आणला. तो वॉर्ड लोकलच्या शेवटच्या स्टेशनांपर्यंत नेण्याचं काम अजून बाकी आहे.