दामोदर हॉल आणि गोरेगावचे ना. म. जोशी

९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये बैठक बोलावली आणि त्यातूनच २० जुलैला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. पण तो हॉल कुणाचा, तिथे रोज काय चालायचे, हे अभ्यास शिबिरात विचारले की शांतता पसरते. पनवेलच्या आमच्या गटातही तसेच झाले, म्हणून हे लिहितेय.

दामोदर ठाकरसी मूळजी हॉल सोशल सर्व्हिस लीगचा. ही संस्था १९११ मध्ये काढली नारायण मल्हार जोशी यांनी. जन्म ५ जून १८७९, गाव गोरेगाव, आपल्याच रायगड जिल्ह्यातले. पनवेलहून महामार्गाने खाली माणगावकडे गेलात की लागते. ब्राह्मण घर, डेक्कन कॉलेजची पदवी, काही वर्षे शिक्षकी. १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात गेले आणि मुंबईच्या चाळींतून फिरू लागले.

लीगने कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या चालवल्या. जोशींचे वेगळेपण मला वाटते ते पुढच्या गोष्टीत. बारा तास साच्यावर राबणाऱ्या माणसाला औषध आणि अक्षर लागते तसे नाटकही लागते, हे लीगने मान्य केले. १९२२ पासून परळचा हा हॉल गिरणगावाचे नाट्यगृह झाला. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची हौशी नाटके, नमन, दशावतार तिथे रंगले. शहरातल्या बड्या थिएटरात ज्यांना तिकीट परवडत नसे, ते इथे स्वतः रंगमंचावर उभे राहिले. आणि याच आवारात बाबासाहेबांचे कार्यालय होते. पोयबावडीची त्यांची चाळही जवळच.

ज्यांनी सभेसाठी हॉल मागितला आहे, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही एकदा एका सभागृहात गेलो होतो. आधी तारीख मोकळी होती, फलकावरचा मजकूर वाचल्यावर ती भरली. त्या काळात अस्पृश्यांची सभा भरायला छप्पर मिळणे ही साधी गोष्ट नव्हती.

जोशींचे बाकीचे काम पाठ्यपुस्तकात सापडते. १९१९ च्या वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते. १९२० मध्ये आयटकची स्थापना झाली, तीही मुंबईच्या एम्पायर थिएटरात. केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी कामगार संघटनांच्या कायद्याचा आग्रह धरला, १९२६ मध्ये तो झाला. गोलमेज परिषदेला बाबासाहेबांबरोबर तेही होते, कामगारांच्या वतीने.

मात्र त्यांना डोक्यावर घ्यायचे कारण नाही. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळाची भीती. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. १९२८ च्या मोठ्या संपात जोशी संप समितीत होते, कम्युनिस्टही होते, तरी हा प्रश्न ठणकावून मांडावा लागला तो बाबासाहेबांनाच. हॉलमध्ये शेजारी बसणारा कामगार खात्यात शेजारी चालत नव्हता. समाजशास्त्राच्या वर्गात वर्ग आणि जात शिकताना मला हे उदाहरण कुणी दिले नाही, याचा अजून राग येतो.

१९२९ मध्ये नागपूरला आयटक फुटली, जोशी मवाळांबरोबर बाहेर पडले. पुढे एकी झाल्यावर १९४० पासून ते पुन्हा सरचिटणीस झाले, ते १९४८ पर्यंत. ३० मे १९५५ ला त्यांचे निधन झाले. डिलाईल रोडला त्यांचे नाव आहे. तिथल्या बीडीडी चाळींत आपली कितीतरी माणसे वाढली.

दामोदर नाट्यगृह शंभरी पार करून २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. कामगार रंगभूमीचे कलावंत त्याविरुद्ध आंदोलनाला बसले होते. त्यात आपले झेंडे फारसे दिसले नाहीत.