गुरुजींनी उघडलेले महाद्वार

पंढरीचा विठ्ठल सर्वांचा, असे म्हटले जाई. पण अस्पृश्य वारकऱ्यांना महाद्वारी, चोखामेळ्याच्या समाधीपाशीच थांबावे लागे. हिंदूंत गणना, मात्र देवदर्शनाचा हक्क नाही, या अन्यायाविरुद्ध साने गुरुजींनी प्राण पणाला लावले.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडून १९३० साली ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली.

स्वातंत्र्य उंबरठ्यावर असताना देवाच्या दारातील ही गुलामगिरी त्यांना साहवेना. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी लोकमत जागविले. तरीही बडवे बधेनात, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. खुद्द गांधीजींना ते प्रारंभी मान्य नव्हते. गुरुजी ढळले नाहीत. अखेर दादासाहेब मावळणकरांच्या मध्यस्थीला यश आले. बडव्यांनी मंदिर खुले करण्याचे मान्य केले आणि १० मे रोजी उपोषण सुटले.

११ जून १९५० रोजी गुरुजींनी आपली जीवनयात्रा संपविली. दार कायद्याच्या धाकाने नव्हे, तर भाविकांच्या मनातून उघडावे, हाच त्यांचा आग्रह होता.