साखरपाण्याची वेळ : कार्ल फॉन फ्रिश आणि मधमाश्यांचे घड्याळ

वसतिगृहात वर्षभर राहिलेल्या कॅडेटला पहाटेचा बिगुल वाजण्याआधीच जाग येऊ लागते. नव्याने आलेल्या मुलाला हे खरे वाटत नाही. पहिले काही आठवडे त्याला हलवून उठवावे लागते, मग एक दिवस तोही बिगुलाच्या आधी डोळे उघडतो. ही शिस्त मनाची की शरीराची, असा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांच्या मोठ्या रांगेत एक ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ आहे. त्याने हा प्रश्न माणसाला न विचारता मधमाशीला विचारला. त्याचे नाव कार्ल फॉन फ्रिश.

फ्रिश यांचा जन्म २० नोव्हेंबर १८८६ रोजी व्हिएन्ना येथे झाला. वडील नामांकित शल्यविशारद, आईचे घराणे प्राध्यापकांचे. चार भावांत कार्ल धाकटा. वुल्फगांग सरोवराच्या काठी ब्रुनविंकल येथे कुटुंबाची एक जुनी पाणचक्की होती आणि सगळ्यांचा उन्हाळा तिथे जात असे. या मुलाला प्राणी पाळण्याचे वेड होते. मासे, बेडूक, पाखरे, किडे असे शंभराहून अधिक जातींचे प्राणी त्याने लहानपणी पाळले. आईने ते चालवून घेतले हे विशेष! आपल्याकडे किती घरांत चालेल?

वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, पण मन रमेना. ते सोडून ते म्युनिकला रिखार्ड हेर्टविग यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकू लागले. पुढे लवकरच त्यांची गाठ एका बड्या माणसाशी पडली. कार्ल फॉन हेस हे त्या काळचे मान्यवर नेत्रतज्ज्ञ. मासे आणि कीटक यांना रंग दिसतच नाहीत, असे त्यांचे ठाम मत होते. तरुण फ्रिश यांना ते पटेना. मधमाशीला रंग दिसत नसेल तर फुलांनी इतके रंग धारण करावेत कशाला? त्यांनी टेबलावर करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचे चौकोनी कागद मांडले, त्यांत एकच निळा ठेवला आणि त्या निळ्यावर साखरपाण्याची बशी ठेवली. माश्या सरावल्यावर कागदांच्या जागा बदलल्या आणि बश्या रिकाम्या ठेवल्या. माश्या तरीही निळ्यावरच उतरल्या. माशी रंगांध असती तर तेवढ्याच उजेडाच्या एखाद्या करड्या कागदाशी तिची गल्लत झाली असती. इतके साधे साहित्य आणि इतका नेमका प्रश्न, हीच फ्रिश यांची आयुष्यभराची पद्धत राहिली.

पहिल्या महायुद्धात दृष्टी अधू असल्यामुळे त्यांना सैन्यात घेतले नाही. भावाच्या देखरेखीखालील व्हिएन्नातील रुग्णालयात ते काम करू लागले. तिथल्याच एका परिचारिकेशी, मार्गारेटे मोर यांच्याशी, १९१७ मध्ये त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर ते म्युनिकला परतले. मध्ये रोस्टॉक आणि ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकी करून १९२५ मध्ये ते आपल्या गुरूंच्या जागी म्युनिकला रुजू झाले.

मधमाश्यांना वेळ कळते अशी कुजबुज आधीपासून होती. कुट्टूच्या फुलांत मकरंद सकाळीच मिळतो आणि माश्याही त्या शेतात सकाळीच जातात, हे निरीक्षण झालेले होते. स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑग्युस्त फोरेल उन्हाळ्यात अंगणात न्याहारी करत, तेव्हा माश्या मुरंब्यावर येत. पुढे मुरंबा नसला तरी न्याहारीच्या वेळेला त्या हजर होऊ लागल्या. पण निरीक्षण म्हणजे पुरावा नव्हे. फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने ते काम हाती घेतले आणि १९२९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले.

प्रयोगाची सगळी मदार माश्या ओळखण्यावर होती. हजारो सारख्या दिसणाऱ्या माश्यांतून एकीला ओळखायचे कसे? फ्रिश यांनी रंगाच्या ठिपक्यांची पद्धत बसवली होती. पाच रंग आणि पाठीवरची ठरलेली जागा यांवरून प्रत्येक माशीला क्रमांक मिळे. परेडला छातीवर क्रमांक असतो, तसाच. मग या क्रमांकित माश्यांना काही दिवस रोज दुपारी ४ ते ६ या वेळेतच साखरपाणी दिले. परीक्षेच्या दिवशी बशी दिवसभर रिकामी ठेवली आणि निरीक्षक पहाटेपासून संध्याकाळपर्यंत बसून येणाऱ्या प्रत्येक माशीची वेळ लिहीत राहिला. दिवसभर जवळपास शुकशुकाट होता. चारच्या सुमारास माश्या येऊ लागल्या आणि सहानंतर पुन्हा शांतता झाली.

सूर्य पाहून येत असतील, ही पहिली शंका. म्हणून प्रयोग बंद खोलीत, सतत सारख्या दिव्याच्या उजेडात आणि सारख्या तापमानात केला. माश्या वेळेवरच आल्या. हवेतील विजेचा किंवा बाहेरच्या अदृश्य किरणांचा परिणाम असेल, ही पुढची शंका. ती फेडण्यासाठी ऑस्कर वाल या दुसऱ्या विद्यार्थ्याने माश्या थेट मिठाच्या खाणीत खोलवर नेल्या. तिथे दिवस नाही, रात्र नाही. तरीही माश्या वेळेवर! मात्र एक गोष्ट जमली नाही. दर १९ तासांनी किंवा दर ४८ तासांनी खाऊ देऊन माश्यांना तो क्रम शिकवता आला नाही. त्यांना २४ तासांचाच हिशेब कळत होता. माझ्या मते या सगळ्या मालिकेतले सर्वांत बोलके निरीक्षण हेच. वेळ मोजणारे यंत्र माशीच्या आत होते, आणि ते पृथ्वीच्या फेरीएवढ्याच मापाचे होते.

हे काम रंगात आले असतानाच १९३३ मध्ये जर्मनीत हिटलरची सत्ता आली. सरकारी नोकराने आपले पूर्वज ज्यू नसल्याचे दाखवावे, असा कायदा झाला. फ्रिश यांच्या आईची आई ज्यू कुळातील होती. फ्रिश उघड बंड करणारे नव्हते; पण प्रयोगशाळेत त्यांनी ज्यू सहकाऱ्यांना काम दिले होते, आणि विद्यापीठातील कट्टर मंडळींना ते खुपत होते. १९४१ च्या जानेवारीत त्यांना कळवण्यात आले की ते पाव ज्यू ठरतात, सबब त्यांना पदावरून दूर केले जाईल. सारे आयुष्य उभी केलेली संस्था हातची जाणार होती.

त्यांना वाचवले ते एका रोगजंतूने. माश्यांच्या आतड्यात वाढणाऱ्या नोसेमा या परजीवीची त्या वर्षांत जर्मनीत साथ पसरली होती आणि मधमाश्यांच्या लाखो वसाहती मरत होत्या. माश्या गेल्या की फळबागा आणि तेलबियांचे परागीभवन गेले, आणि युद्धकाळात अन्न गेले. सहकाऱ्यांनी खटपट केली. अन्न मंत्रालयाने रोगाचे संशोधन फ्रिश यांच्याकडे सोपवले आणि बडतर्फीचा निर्णय युद्ध संपेपर्यंत लांबणीवर टाकण्यात आला. रोगावर मोठा उपाय काही हाती लागला नाही, पण माणूस वाचला.

जुलै १९४४ मध्ये म्युनिकवर बॉम्ब पडले. संस्था आणि राहते घर दोन्ही उद्ध्वस्त झाली. फ्रिश ब्रुनविंकलच्या जुन्या पाणचक्कीत काम करू लागले आणि तिथेच त्यांना आपली वीस वर्षांपूर्वीची एक चूक सापडली. परतलेली माशी पोळ्यावर नाचते हे त्यांनी पूर्वीच पाहिले होते. गोल नाच म्हणजे मकरंद आणि शेपूट हलवत केलेला नाच म्हणजे पराग, असा अर्थ त्यांनी लावला होता. आता बशी दूर नेल्यावर कळले की फरक अंतराचा आहे आणि शेपूट हलवत जाण्याची रेषा दिशाही सांगते. त्यांनी आपला जुना अर्थ जाहीरपणे मागे घेतला.

ही दिशा सूर्याच्या संदर्भात सांगितलेली असते. इथे घड्याळ पुन्हा येते. नकाशावाचनाच्या तासाला तास काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायला तुम्ही शिकता. (दक्षिण भारतात उन्हाळ्याच्या दुपारी ती युक्ती फसते, कारण सूर्य डोक्यावर असतो.) त्या युक्तीत घड्याळ नसेल तर सूर्याचा काही उपयोग नाही, कारण तो तासाला सरासरी १५ अंश सरकतो. १९५० च्या सुमारास फ्रिश यांनी माश्यांना दुपारी पश्चिमेकडच्या बशीची सवय लावली आणि दुसऱ्या सकाळी मधपेटी अनोळखी मुलुखात नेऊन ठेवली. ओळखीचे झाड नाही, टेकडी नाही, आणि सूर्यही आकाशाच्या दुसऱ्या बाजूला. बहुतेक माश्या पश्चिमेलाच गेल्या. म्हणजे सूर्य किती सरकला याचा हिशेब त्या आतल्या घड्याळावरून करत होत्या.

या काळातले त्यांचे आवडते शिष्य मार्टिन लिंडाउअर मूळचे सैनिक. रशियन आघाडीवर जखमी होऊन परतल्यावर डॉक्टरांनी त्यांना फ्रिश यांचे व्याख्यान ऐकायला पाठवले आणि त्यांचे आयुष्य बदलले. पुढे लिंडाउअर सिलोनला आले आणि आपल्याही परिचयाच्या सातेरी, फुलोरी आणि आग्या या माश्यांचे नाच त्यांनी अभ्यासले.

एक शंका मात्र उरलीच होती. खाणीतही पोहोचेल असा पृथ्वीच्या फिरण्याचा एखादा इशारा माश्यांना मिळत असेल तर? माक्स रेनर या दुसऱ्या शिष्याने १९५५ मध्ये पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे अगदी एकसारख्या दोन खोल्या उभारल्या. पॅरिसच्या खोलीत चाळीसएक माश्यांना रात्री ठरावीक वेळी साखरपाणी दिले, मग एका रात्रीत विमानाने त्यांना अटलांटिकपार नेले. न्यूयॉर्कची वेळ पॅरिसच्या पाच तास मागे होती. माश्या बशीवर आल्या त्या शेवटच्या खाऊनंतर २४ तासांनी, पॅरिसच्या वेळेला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा भर दुपार होती. अशीच एक सफर पुढे अमेरिकेतच उघड्या आकाशाखाली केली, तेव्हा माश्या हळूहळू स्थानिक सूर्याशी जुळल्या. लांबच्या विमानप्रवासानंतर आपले जे होते, तेच.

१९५८ चा कलिंग पुरस्कार फ्रिश यांना मिळाला. विज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेणाऱ्यांसाठीचा हा युनेस्कोचा पुरस्कार ओडिशाचे वैमानिक आणि नेते बिजू पटनायक यांच्या देणगीतून सुरू झाला आहे. त्याच वर्षी फ्रिश निवृत्त झाले, पण माश्या सुटल्या नाहीत. १९७३ चे नोबेल पारितोषिक त्यांना कोनराड लोरेन्झ आणि निको टिनबर्गन यांच्यासह मिळाले, तेव्हा ते सत्त्याऐंशीच्या घरात होते. १२ जून १९८२ रोजी म्युनिक येथे त्यांचे निधन झाले. ते घड्याळ पेशीत नेमके कसे चालते हे फळमाशीवरील कामातून उलगडले, आणि त्यासाठी २०१७ चे नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना देण्यात आले.