डेट्रॉइटच्या पेट्या, कुर्ल्याची मोटार

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस म्हणजे नौकांच्या डागडुजीचे दिवस. इंजिने उघडली जातात आणि त्यांच्यासोबत एक जुना वादही उघडतो. परदेशातून तयार आलेले इंजिन भरवशाचे, की तेच भाग आणून इथे जुळवलेले? भर समुद्रात इंजिन बंद पडले तर जिवाशी गाठ असते. त्यामुळे हा वाद निव्वळ गप्पांचा राहत नाही. मोटारींच्या बाबतीत हाच प्रश्न पाऊणशे वर्षांपूर्वी मुंबईत उभा राहिला, आणि तो अंगावर घेणारा माणूस सोलापूरचा होता.

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला, व्यापारी जैन कुटुंबात झाला. घरच्या पेढीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची बांधकामे घेतली. बोरघाटातील बोगदे आणि मुंबईला पाणी आणणारी तानसाची नळयोजना ही त्यांच्या कंत्राटदारीतील मोठी कामे.

कोकणाला वालचंद ठाऊक झाले ते आगबोटींमुळे. १९१९ मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॉयल्टी' हे जहाज विकत घेतले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेला पाळला जातो. गंमत अशी की, जहाज इंग्लंडमध्येच बांधलेले होते. 'एम्प्रेस ऑफ इंडिया' या नावाने त्याने कॅनडा आणि पूर्व आशियादरम्यान अनेक वर्षे प्रवासी नेले होते. लोखंड तेच, यंत्रे तीच. बदलला होता फक्त मालक. तरीही ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. सिंदिया त्यातून तगली. मुंबईहून रत्नागिरीमार्गे गोव्याकडे जाणाऱ्या किनारी वाहतुकीतील बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे तिच्याच समूहात आली.

मोटारीचा ध्यास त्यानंतरचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंद यांनी ती उचलून धरली आणि १९३९ मध्ये अमेरिका गाठली. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमले. त्याच प्रवासातून परतताना विमान व्यवसायातील विल्यम पॉली यांची गाठ पडली आणि बंगळूरच्या विमान कारखान्याचे बीज रुजले.

मोटारीला मात्र सरकारने खो घातला. महायुद्धाच्या काळात डॉलर आणि यंत्रसामग्रीच्या परवानग्या मिळेनात. याच काळात लष्करासाठी कॅनडाहून सुट्या भागांच्या पेट्या येत होत्या आणि मुंबईतच जनरल मोटर्स व फोर्डच्या जोडणी कारखान्यांत त्यांचे ट्रक होत होते. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना तर १९२८ पासूनचा. तेथे हात भारतीय कामगारांचेच होते. म्हणजे मुंबईत जोडलेले वाहन रणभूमीवर चालत होते. न चालणारी गोष्ट होती ती भारतीय मालकी. बंगळूरने याला परस्पर उत्तर दिले. १९४१ मध्ये तेथे अमेरिकी भागांतून जोडलेले हार्लो प्रशिक्षण विमान उडाले. सरकारने तो कारखाना १९४२ मध्ये ताब्यात घेतला आणि दोस्तराष्ट्रांची विमाने दुरुस्तीसाठी तेथेच येऊ लागली.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ मोटारी आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवातीला सारे भाग अमेरिकेतूनच येत. कुर्ल्यात सांगाडा उभा करायचा, इंजिन बसवायचे, वेल्डिंग, रंग, तपासणी. जोडणीत बिघाड होऊ शकतो तो इथेच: बोल्ट नेमका किती आवळला, रंगाखालचा गंज नीट काढला का, तपासनिसाने सदोष गाडी परत पाठवली की पुढे सोडली. यांतली एकही गोष्ट देशाच्या हवापाण्यावर ठरत नाही. ती शिस्तीवर आणि हत्यारांवर ठरते. विलायती गाडीच खरी, असे मानणाऱ्या गिऱ्हाइकाला हे पटवणे सोपे नव्हते.

वालचंद जोडणीवर थांबणारे नव्हते. १९४९ पासून कुर्ल्यात काही भाग तयार होऊ लागले आणि लवकरच इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. खरी कसोटी येथून सुरू झाली. परदेशी भाग जोडणे वेगळे आणि तो भाग त्याच मापाचा, त्याच पोलादाचा इथे घडवणे वेगळे. पण त्याच वर्षी पक्षाघाताने वालचंद यांना गाठले. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची अखेरपर्यंत शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या, नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना थारा न देण्याचा निर्णय सरकारने त्याच वर्षी घेतला. जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५४ मध्ये गेल्या, प्रीमियर राहिली. स्पर्धा उरली नाही, तशी गाडी सुधारण्याची घाईही उरली नाही, हे मान्य करावेच लागेल. १९६४ च्या सुमाराची फियाट पुढे 'पद्मिनी' या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत जवळपास त्याच रूपात निघत राहिली. गंज, जड स्टिअरिंग, नोंदणीनंतरची वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यांबद्दल मालक कुरकुरत. तरी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी निवडली, कारण तिचा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळे आणि ती उघडायला कोणताही मिस्त्री चाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादा संपल्याने मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली.